नाळेतील ठेव : एकाची की सर्वांची?

महाराष्ट्रातील खेड्यांत पूर्वी बाळंतपण घरीच होई. सुईण नाळ कापी, वार आणि नाळ परसात खड्डा खणून पुरली जाई आणि त्या मातीशी माणसाचे नाते जन्मभरासाठी ठरून जाई. म्हणूनच एखाद्याचे मूळ गाव सांगताना 'त्याची नाळ तिथे पुरली आहे' असे आजही म्हटले जाते. आता प्रसूती रुग्णालयात होते. बाळ रडले, आईच्या कुशीत विसावले, की वार आणि तिला जोडलेला नाळेचा भाग पिवळ्या पिशवीत जातो आणि जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर नष्ट केला जातो. आनंदाच्या त्या घटकेला त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणही नसते.

परंतु टाकाऊ मानल्या गेलेल्या त्या नाळेत आणि वारेत साधारण पाऊणशे ते शंभर मिलिलिटर रक्त शिल्लक असते. चहाचा एक लहानसा पेला भरेल, एवढेच. या रक्तात मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका या रक्तातील तिन्ही घटकांना जन्म देणाऱ्या या पेशी एरवी हाडांच्या पोकळीतील मज्जेत वास करतात. ज्या रुग्णाची मज्जा रोगाने निकामी झाली आहे, त्याच्या शरीरात अशा निरोगी मूलपेशी रुजल्या, तर रक्तनिर्मितीचा बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू होऊ शकतो. एका बाळाने जाता जाता मागे ठेवलेले हे रक्त दुसऱ्या कोणाला आयुष्य देऊ शकते. प्रश्न एवढाच की, ते कोणासाठी ठेवायचे?

पॅरिसमधील एक प्रयोग

हा प्रश्न उभा राहण्यापूर्वी नाळेतील रक्ताने खरोखर प्राण वाचतो, हे सिद्ध व्हावे लागले. ते ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सिद्ध झाले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील पाच वर्षांचा एक मुलगा 'फॅन्कोनी ॲनिमिया' या आनुवंशिक विकाराने आजारी होता. या विकारात मज्जा हळूहळू रक्त तयार करणे थांबवते. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. गर्भातील मुलीला तो विकार नाही आणि तिच्या पेशी भावाच्या पेशींशी जुळतात, हे तपासणीत आढळले. ती जन्मली तेव्हा तिच्या नाळेतील रक्त जमा करण्यात आले. इंडियाना येथील शास्त्रज्ञ हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत ते गोठवून जपले गेले आणि पुढे विमानाने पॅरिसला नेण्यात आले. डॉ. एलियान ग्लुकमन यांनी ते त्या मुलाला दिले. बहिणीला सुईसुद्धा टोचावी लागली नाही आणि भावाचे रक्त पुन्हा तयार होऊ लागले. तो मुलगा मोठा झाला आणि प्रौढ वयातही निरोगी राहिला.

हे रक्त सख्ख्या भावंडाचे होते. नात्यागोत्यात नसलेल्या रुग्णालाही ते चालेल का, हा पुढचा प्रश्न होता. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये डॉ. पाब्लो रुबिनस्टाइन यांनी १९९२ साली जगातील पहिल्या सार्वजनिक नाळरक्तपेढीचे काम हाती घेतले. त्या पेढीत अनोळखी मातांनी दान केलेल्या रक्तातून १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. जोआन कुर्ट्झबर्ग यांनी नात्याबाहेरील रुग्णावर पहिले प्रत्यारोपण केले. तेव्हापासून जगभरात अशी चाळीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली आहेत.

जुळणीचे गणित

रक्तदानात रक्तगट जुळला की काम भागते. मूलपेशींच्या बाबतीत गणित फार अवघड आहे. आपल्या बहुतेक प्रकारच्या पेशींवर 'एचएलए' नावाच्या खुणा असतात. घराच्या दारावरील पाटीवरून घर कोणाचे ते कळावे, तसे या खुणांवरून शरीर आपले कोण आणि परके कोण, हे ओळखते. या खुणा आईकडून अर्ध्या आणि वडिलांकडून अर्ध्या येतात. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. घरात एक किंवा दोन मुले असण्याच्या काळात बहुसंख्य रुग्णांना घरात पूर्णपणे जुळणारा दाता मिळत नाही, याचे कारण हेच.

घरात दाता नसेल तर बाहेर शोधावा लागतो आणि तेथे वंशाचा प्रश्न येतो. एचएलएच्या खुणा जनसमूहागणिक बदलतात. अमेरिकेतील दाता-नोंदणीचा अभ्यास २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता त्यात ७५ टक्के होती. दक्षिण आशियाई वंशाच्या, म्हणजे आपल्यासारख्या रुग्णासाठी ती ३३ टक्के होती. परदेशातील नोंदवही कितीही मोठी असली, तरी तिच्यात आपली माणसे थोडी असतील तर आपल्या रुग्णाला तिचा उपयोग थोडाच होणार.

नाळेतील रक्ताचे महत्त्व येथे ध्यानात येते. नवजात बाळाच्या पेशी अजून 'शिकलेल्या' नसतात. परक्या शरीरात त्या प्रौढाच्या पेशींइतक्या आक्रमक होत नाहीत. त्यामुळे सहापैकी चार खुणा जुळल्या तरी नाळरक्त वापरता येते. त्याच अभ्यासात असेही दिसले की, अशी सवलत धरल्यास वीस वर्षांखालील जवळजवळ प्रत्येक रुग्णाला, त्याचा वंश कोणताही असो, वापरण्याजोगे नाळरक्त सापडू शकते. शिवाय ते आधीच तपासून गोठवून ठेवलेले असते. दात्याला शोधणे, त्याची समजूत घालणे, ऐन वेळी त्याने माघार घेणे, यांपैकी काहीच येथे नसते.

उणी बाजूही आहे. पेल्याभर रक्तात मूलपेशी मोजक्याच असतात. लहान मुलाला त्या पुरतात. मोठ्या वजनाच्या प्रौढाला अनेकदा पुरत नाहीत, दोन बाळांचे रक्त एकत्र द्यावे लागते. नवे रक्त तयार होण्यासही अधिक दिवस लागतात आणि त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका राहतो. गेल्या दशकात अर्धी जुळणी असलेल्या आईवडिलांच्या किंवा भावंडांच्या मज्जेचे प्रत्यारोपण यशस्वी करण्याच्या पद्धती रूढ झाल्या आणि नाळरक्ताचा वापर काहीसा घटला. दुसऱ्या बाजूने, नाळरक्तातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून दिलेल्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली मान्यता दिली. नाळरक्त हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय नाही. पण ज्या मुलाला दुसरा मार्गच उरलेला नाही, त्याच्यासाठी ते अमोल आहे.

थॅलेसेमियाच्या दारात

भारतात मूलपेशींची गरज कोणाला आहे, हे पाहायचे असेल तर एखाद्या थॅलेसेमिया केंद्राच्या दारात सकाळी उभे राहावे. मुंबईत बोरिवली येथे महानगरपालिकेचे असे केंद्र आहे. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घेण्यासाठी आलेली मुले, त्यांची शाळेची दप्तरे आणि रजा टाकून आलेले आईवडील, हे अशा केंद्रांतील नेहमीचे दृश्य आहे. देशात दरवर्षी सुमारे दहा ते बारा हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, तर या विकाराचे वाहक सुमारे चार कोटी आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली, बंगाली अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या दुसऱ्या रक्तविकाराचे ओझे आहे.

या मुलांना रक्त आयुष्यभर द्यावे लागते आणि रक्ताबरोबर साचणारे लोह काढून टाकण्याची औषधेही आयुष्यभर घ्यावी लागतात. मुळापासून बरे करण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे मूलपेशींचे प्रत्यारोपण. भारतात मज्जेचे पहिले प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आज देशात अनेक केंद्रे आहेत आणि खर्चाचा भार हलका करण्यासाठी २०१७ साली कोल इंडियाच्या सामाजिक निधीतून 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' सुरू झाली. तिच्यातून प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची सोय करण्यात आली. डॉक्टर आहेत, खाटा आहेत, काही प्रमाणात पैसाही आहे. पुष्कळदा अडते ते दात्यापाशी.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. थॅलेसेमियात सख्ख्या भावंडाचे नाळरक्त चांगले फळ देते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात त्याचे यश भावंडाच्या मज्जेइतकेच आढळले. नात्याबाहेरील नाळरक्ताचे यश मात्र या रोगात मर्यादित आहे. म्हणून ज्या घरात थॅलेसेमियाचे मूल आहे, त्या घरात पुढील बाळाचे नाळरक्त त्या भावंडासाठी जपून ठेवणे हिताचे असते. आईवडील दोघेही वाहक असताना पुढील बाळ थॅलेसेमिया मेजर नसण्याची शक्यता चारांत तीन आणि त्याच्या पेशी जुळण्याची चारांत एक. दोन्ही एकत्र धरल्यास सोळांत तीन. ही शक्यता मोठी नाही. पण ज्या आईने वर्षानुवर्षे रक्ताच्या बाटल्या मोजल्या आहेत, तिच्यासाठी ती थोडीही नाही. याउलट रक्ताचा कर्करोग, प्रतिकारशक्तीचे जन्मजात विकार, चयापचयाचे काही दुर्मीळ विकार यांत अनोळखी दात्याचे नाळरक्त उपयोगी पडते. ते सार्वजनिक पेढीतूनच मिळू शकते.

लॉकर आणि पेढी

मराठीत 'पेढी' हा शब्द मूळचा सराफाचा आणि सावकाराचा. पुढे रक्तपेढी, नेत्रपेढी अशी त्याची नवी कुटुंबे झाली. व्यवहाराची जाण असणाऱ्या वाचकाला नाळरक्ताच्या दोन पेढ्यांतील फरक समजण्यास फारसा वेळ लागू नये. बँकेत लॉकर असतो आणि ठेव असते. लॉकरमधील दागिना फक्त ठेवणाऱ्याचा; तो कोणाच्या कामी येत नाही आणि त्यासाठी भाडे भरावे लागते. ठेव मात्र फिरते. एकाची ठेव दुसऱ्याच्या शेतीला, तिसऱ्याच्या घराला कर्जरूपाने उपयोगी पडते आणि गरज पडली की ठेवीदारालाही आधार देते.

खासगी नाळरक्तपेढी हा लॉकर आहे. पालक शुल्क भरतात आणि आपल्या बाळाचे रक्त आपल्याच कुटुंबासाठी राखून ठेवतात. सार्वजनिक पेढीत दात्याला पैसे द्यावे लागत नाहीत आणि मिळतही नाहीत. रक्तावर त्या कुटुंबाचा हक्क राहत नाही. ज्याच्याशी जुळेल आणि ज्याला निकड असेल, त्याला ते दिले जाते. दात्याचे नाव गुप्त राहते.

प्रसूतीच्या आधीच्या महिन्यांत अनेक दांपत्यांसमोर खासगी पेढ्यांची आकर्षक माहितीपत्रके येतात. 'बाळासाठी जैविक विमा' असा त्यांचा एकूण सूर असतो. आईवडिलांच्या काळजाला हात घालणारा तो युक्तिवाद आहे, पण शास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. मुलाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक विकार असेल, तर त्याच्या नाळेतील पेशींतही तोच दोष असतो. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगात त्या रोगाचे बीज अनेकदा जन्माआधीच पेशींत पडलेले असते. म्हणजे ज्या आजारांसाठी हा विमा उतरवायचा, त्यांतील बहुतेकांत तो वटतच नाही. अमेरिकेतील प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार पहिल्या वीस वर्षांत मुलाला स्वतःचे नाळरक्त लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक एवढी अल्प आहे.

आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, हिने २०१८ साली आपली भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. घरातील भावंडाला किंवा आईवडिलांना प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल, तर नाळरक्त राखून ठेवावे. एरवी खासगी साठवणीला जैविक विमा मानू नये आणि सार्वजनिक पेढीला प्राधान्य द्यावे, असे तिचे म्हणणे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींच्या साठवणीत केवळ नाळेतील रक्ताच्या साठवणीलाच परवानगी आहे. नाळेची ऊती, दुधाचे दात इत्यादींच्या साठवणीला नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत २०११ साली झालेल्या दुरुस्तीने नाळरक्तपेढीला परवाना आणि ठरावीक दर्जा बंधनकारक झाला. पेढी कोणतीही असो, हा परवाना पाहणे ग्राहकाचा हक्क आहे. सिंगापूरमध्ये २०२३ साली एका खासगी पेढीच्या शीतटाक्यांचे तापमान बिघडल्याचे आढळले आणि सुमारे २,२०० ग्राहकांच्या ठेवींची हानी झाली. लॉकर भक्कम असल्याची खात्री न करता दागिना ठेवू नये, हा व्यवहार येथेही लागू आहे.

पहिला हक्क बाळाचा

दानाचा पुरस्कार करताना एक मर्यादा मात्र कधीही ओलांडता कामा नये. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच चिमटा लावून बंद न करता थोडा वेळ तशीच राहू दिली, तर वारेतील बरेचसे रक्त बाळाच्या अंगात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली निदान एक मिनिट थांबण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे बाळाच्या शरीरात लोहाचा साठा वाढतो आणि पुढील महिन्यांत पंडुरोगाचा धोका कमी होतो. ज्या देशात आया आणि मुले या दोहोंत पंडुरोग घरोघरी आढळतो, तेथे या एका मिनिटाची किंमत फार मोठी आहे.

म्हणून नियम असा की, रक्त जमा करण्यासाठी नाळ लवकर बांधू नये. बाळाचा वाटा बाळाला मिळाल्यावर जे उरते, तेवढेच दानाचे. त्यामुळे काही वेळा पिशवीत रक्त कमी येते आणि ते साठवण्यास अपुरे ठरते. तसे झाले तरी चालेल. माता आजारी असेल, प्रसूती अवघड असेल, तर रक्त जमा करण्याचा विचारही बाजूला ठेवावा. ही सावधगिरी पाळली, की दानाची क्रिया अतिशय सोपी आहे. बाळ वेगळे झाल्यावर नाळेतील रक्तवाहिनीतून रक्त निर्जंतुक पिशवीत उतरवून घेतात. आईला वेदना नाही, बाळाला स्पर्शही नाही. आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आदींसाठी तपासणी होते. साधारण ४८ तासांच्या आत रक्तावर प्रक्रिया करून ते उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले जाते. सत्तावीस वर्षे गोठवून ठेवलेल्या नाळरक्तातील पेशी जिवंत आणि कार्यक्षम असल्याचे ब्रॉक्समायर यांच्या गटाने २०२३ साली दाखवून दिले. नीट सांभाळल्यास ही ठेव एका पिढीहून अधिक काळ टिकते.

लोकाश्रयाची उणीव

मग भारतात सार्वजनिक नाळरक्तपेढ्या बहरल्या का नाहीत? चेन्नईच्या 'जीवन' या संस्थेने २००८ साली अशी पेढी सुरू करून वाट दाखवली. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिननेही या क्षेत्रात काम केले. तरीही देशात साठवलेल्या नाळरक्तापैकी फार मोठा वाटा खासगी पेढ्यांत आहे. जगभरच्या सार्वजनिक पेढ्यांत सुमारे आठ लाख पिशव्या आहेत. दरवर्षी दोन कोटींहून अधिक बाळे जन्मणाऱ्या या देशाचा त्यातील वाटा नगण्य आहे.

याचे पहिले कारण पैसा. सार्वजनिक पेढीत दाता काहीच देत नाही. तपासणी, प्रक्रिया, गोठवण, वर्षानुवर्षांची देखभाल हा सारा भार पेढीवर पडतो. दान आलेल्या पिशव्यांतील निम्म्याहून अधिक पेशी कमी असल्यामुळे किंवा अन्य कारणांनी बाद होतात. उरलेल्यांतील एखादीच प्रत्यक्ष वापरली जाते. त्यामुळे परदेशात एका पिशवीसाठी साधारण तीस ते चाळीस हजार डॉलर मोजावे लागतात. एवढे पैसे भरणारे रुग्ण भारतात किती असणार? अमेरिकेने २००५ साली कायदा करून राष्ट्रीय नाळरक्तसाठ्याला सरकारी निधी दिला. आपल्याकडे असा स्थिर आधार उभा राहणे बाकी आहे. चेन्नईतील एका खासगी पेढीने २०१७ साली सदस्यांचा साठा सर्व सदस्यांना खुला करणारी सामुदायिक योजना काढली. लॉकरपासून ठेवीकडे टाकलेले ते पाऊल म्हणता येईल. मात्र वर्गणी न परवडणारे त्याच्या बाहेरच राहतात.

दुसरे कारण माहितीचा अभाव. गर्भवतीला खासगी साठवणीबद्दल सांगणारे प्रतिनिधी भेटतात. दानाबद्दल सांगणारे क्वचितच कोणी भेटते. जे विकायचे नसते, त्याची जाहिरात कोण करणार?

रक्तदानाचा धडा

लोकमत घडवणे अशक्य आहे, असे मात्र नाही. या देशाने ते एकदा करून दाखवले आहे. तीन दशकांपूर्वीपर्यंत शहरांतील रुग्णालयांबाहेर पैशांसाठी रक्त विकणाऱ्या व्यावसायिक दात्यांची गर्दी असे. गरिबी, व्यसन आणि आजार यांनी पोखरलेले ते रक्त दुसऱ्याच्या शिरांत जात असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. रक्ताचा तुटवडा पडेल, ही भीती तेव्हा अनेकांनी व्यक्त केली होती. पुढे २००२ साली राष्ट्रीय रक्त धोरण आले. महाविद्यालये, गणेशोत्सव मंडळे, कामगार संघटना, बँका आणि कार्यालये पुढे सरसावली. आज वर्धापनदिनी रक्तदान शिबिर भरवणे ही आपल्या संस्थाजीवनातील सहज गोष्ट झाली आहे.

हा बदल केवळ कायद्याने झाला नाही आणि केवळ भावनेच्या आवाहनानेही झाला नाही. विकत घेतलेले रक्त धोक्याचे आणि दिलेले रक्त सुरक्षित, हे सामान्य माणसाला पटले. दान करण्याची जागा त्याच्या कामाच्या ठिकाणी आली. आणि शेजारच्याने दिले म्हणून आपणही द्यावे, अशी रीत पडली. नाळरक्ताच्या बाबतीतही याच तीन गोष्टी लागतील : खरी माहिती, प्रसूतिगृहापर्यंत पोहोचलेली सोय आणि समाजात पडलेली रीत. यांत चौथी गोष्ट मिळवावी लागेल, ती म्हणजे स्थिर निधी. सार्वजनिक पेढी ही धरणासारखी किंवा ग्रंथालयासारखी सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा नफा ताळेबंदात दिसत नाही, एखाद्या मुलाच्या शाळेत परतण्यात दिसतो. उद्योगांचा सामाजिक निधी थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणाकडे वळू शकला, तर तो या पेढ्यांकडेही वळू शकेल.

कुटुंबाने काय करावे?

विवाहापूर्वी, निदान गर्भारपणाच्या प्रारंभी, दोघांनीही थॅलेसेमियाची साधी रक्ततपासणी करून घ्यावी. प्रत्यारोपणापेक्षा हा प्रतिबंध कितीतरी सोपा आहे. घरात आधीच थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा तत्सम आजाराचे मूल असेल, तर पुढील बाळाचे नाळरक्त त्याच्यासाठी राखण्याबाबत रक्तविकारतज्ज्ञाशी वेळीच बोलावे. तसे काही नसेल, तर प्रसूतितज्ज्ञांना विचारावे : आपले रुग्णालय एखाद्या परवानाधारक सार्वजनिक पेढीशी जोडलेले आहे काय? असेल तर प्रसूतीच्या कळा सुरू होण्यापूर्वीच संमतिपत्र समजून घेऊन भरावे. बाळाची नाळ लवकर बांधली जाणार नाही, हेही तेव्हाच स्पष्ट करून घ्यावे. खासगी साठवणीचा विचार असेल, तर करारातील शुल्क, मुदत, परवाना आणि पेढी बंद पडल्यास काय, हे सारे ठेवीचे कागद वाचावेत तितक्या बारकाईने वाचावे.

जेथे सार्वजनिक पेढीची सोयच नाही, तेथेही दानाची वाट बंद नाही. २००९ साली चेन्नईत स्थापन झालेली 'दात्री' आणि मुंबईतील 'मॅरो डोनर रजिस्ट्री' यांसारख्या नोंदण्यांत निरोगी तरुण-तरुणी गालाच्या आतील पेशींचा नमुना देऊन मूलपेशीदाते म्हणून नाव नोंदवू शकतात. नोंदवहीत भारतीयांची एकेक नोंद वाढते, तशी कोणा भारतीय रुग्णाची जुळणीची शक्यता वाढते. बाळाच्या बारशाला जमलेल्या मंडळींपैकी चार जणांनी जरी तो नमुना दिला, तरी त्या बाळाच्या नावाने एक चांगली सुरुवात होईल.

परसात नाळ पुरणाऱ्या पूर्वजांची भावना ही होती की, जन्माचा हा अंश मातीला परत द्यावा, म्हणजे माणूस त्या मातीचा होतो. आज ती नाळ मातीऐवजी माणसाला देता येते. कोठल्या शहरातील, कोणत्या भाषेचे ते मूल असेल, हे देणाऱ्या आईला कधी कळणार नाही. तिच्या बाळाची नाळ मात्र त्या मुलाशी कायमची जोडलेली असेल.